हळद लागलेली निगेटिव्ह: डेन्सिटी मोजायची तरी कशी?

संगमकाठ (सांगली) | रविवार, रात्री १०.४०

मंडळी, दोन रविवार आणि ८×१० चे नऊ कागद घालवून इथे आलोय. ज्यांना कागदाचा भाव ठाऊक आहे त्यांनी आधी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळावी.

प्रकरण असं आहे. यंदा पहिल्यांदाच पायरो, म्हणजे पायरोगॅलॉलवर चालणारा डेव्हलपर वापरला. त्यातला पीएमके, सोल्यूशन ए, सोल्यूशन बी आणि पाणी १:२:१०० च्या प्रमाणात, एचपी५ या कृष्णधवल फिल्मचा १२० रोल, कॅमेरा आमचा म्हातारा याशिकामॅट. हरिपूरला संगमावर सकाळी आठच्या सुमारास काढलेले फोटो. त्यातल्या एका फ्रेमवर जीव जडलाय: डावीकडे झाडाच्या काळोखात बांधलेली होडी, उजवीकडे घाटाच्या पायरीवर कोवळ्या उन्हात बसलेले एक आजोबा, धोतर पांढरंशुभ्र. रोल वाळत घातला तर रंग हिरवट-पिवळा. आई बाथरूममध्ये डोकावून म्हणाली, "फिल्मला हळद लागली का रे?" तेव्हापासून घरात त्या रोलला नाव पडलंय ते पडलंच.

माझ्याकडे एक डेन्सिटोमीटर आहे, म्हणजे फिल्मची डेन्सिटी, ती उजेड किती अडवते ते मोजणारं यंत्र. मिरजेतल्या एका एक्स-रे सेंटरनं डिजिटल झाल्यावर भंगारात काढला, तो मी उचलला. यंत्र ठणठणीत आहे, सोबतची तपासणीची पट्टी लावली की आकडे बरोबर येतात. त्यावर हवेवर शून्य करून मोजलं: फिल्मचा कोरा काठ ०.२४, होडीखालची सावली ०.४२, धोतर १.१९. म्हणजे सावलीपासून धोतरापर्यंत अंतर ०.७७. हिशोबानं या निगेटिव्हला साडेतीन-चार ग्रेडचा कागद लागायला हवा (ग्रेड जितका वरचा तितका कागद कडक, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक जास्त). माझ्याकडे जुना ग्रेड ३ चा डबा होता. म्हटलं, थोडा मऊ येईल, चालेल.

मऊ कुठला! धोतर कोऱ्या कागदासारखं पांढरं, एक चुणी दिसेना. निगेटिव्ह लूपच्या भिंगाखाली धरली की चुण्या मोजता येतात इतक्या स्वच्छ आहेत. धोतराला वेळ वाढवला तर होडी काळ्या शाईत बुडते. मीटर म्हणतो निगेटिव्ह मिळमिळीत आहे, कागद म्हणतो कडक आहे. खरं कोण बोलतंय?

मिरज_सतार | रविवार, रात्री ११.०५

आमच्या गावचं भंगार तुमच्या कामी आलं, आनंद आहे. यंत्रावर शंका घेऊ नका हो. ते एक्स-रे फिल्मसाठी बनवलेलं, आणि ती व्ह्यू बॉक्सवर डॉक्टर डोळ्यांनी बघतात. त्यामुळे ते माणसाच्या डोळ्याला जेवढं काळं दिसतं तेवढंच सांगणार. मी एक्स-रे मशीनच्या सर्व्हिसिंगमध्ये होतो, अशी कितीतरी हाताखालून गेली. रंगीत डाग असलेल्या फिल्मचं मात्र मला कळत नाही, जाणकार सांगतील.

जुना_ब्रोमाइड (सातारा) | सोमवार, सकाळी ६.१५

अरे बाबा, नऊ कागद? आमच्या मोती चौकाजवळच्या स्टुडिओत नवशिक्या पोरानं नऊ कागद फुकट घालवले असते तर वडिलांनी त्याला आठवडाभर फक्त ट्रे धुवायला बसवलं असतं. ऊटीचा इंदू कागद होता तेव्हा, तोसुद्धा आम्ही कापून कापून वापरायचो. टेस्ट स्ट्रिप नावाची गोष्ट असते, आधी कागदाच्या पट्टीवर वेळ बघून घ्यायचा.

असो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या आईनंच देऊन ठेवलंय. हळद लागलीय ना? मग ती हळद कागदाला कशी दिसते ते बघ. डार्करूममध्ये लाल दिवा लावतोस, कागद त्याला बघतच नाही. तसंच पिवळं त्याला काळं दिसतं. बाकीचं निळाडोळा सांगेल, त्याला आकडे आवडतात.

निळाडोळा (विश्रामबाग) | सोमवार, रात्री ९.२०

काकांनी आवाज दिला म्हणून आलो. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

पायरोत दोन गोष्टी एकदम घडतात. जिथे उजेड पडला तिथे चांदी तयार होते, हे नेहमीचंच. पण ते काम करताना पायरोगॅलॉल स्वतः ऑक्सिडाइज होतं आणि त्याचा डाग जिलेटिनमध्ये त्याच जागी बसतो. चांदी जास्त तिथे डाग जास्त. म्हणजे एका फिल्मवर दोन प्रतिमा, एक चांदीची काळी आणि तिच्यावर बसलेली पिवळट. साध्या डेव्हलपरमध्ये भरपूर सल्फाइट असतं, ते ऑक्सिडाइज झालेला माल लगेच गिळतं, म्हणून डाग पडत नाही. पीएमकेमध्ये सल्फाइट मुद्दाम नावापुरतं ठेवलंय. डाग दोन दाण्यांमधली जागाही भरतो, त्यामुळे ग्रेन बसल्यासारखी वाटते. लोक त्यासाठीच या डेव्हलपरच्या प्रेमात पडतात.

आता डोळा आणि कागद. डोळा सगळ्यात तेज असतो हिरव्या-पिवळ्या उजेडाला. पिवळा डाग हिरवा उजेड बऱ्यापैकी सोडतो, म्हणून डोळ्याला आणि तुमच्या एक्स-रे मीटरला तो जवळजवळ दिसतच नाही. पण ग्रेडेड, म्हणजे एकाच ठरलेल्या ग्रेडचा कागद निळ्या उजेडावर चालतो, आणि पिवळा डाग नेमका निळाच अडवतो. तुम्ही मोजली फक्त चांदी. कागदाला दिसली चांदी अधिक हळद. धोतराच्या जागी चांदी सर्वांत दाट, म्हणून हळदही तिथेच दाट, म्हणून चूकही तिथेच मोठी. सावलीत फारशी नाही. तुमचे ०.७७ कागदाच्या हिशोबानं १.१ च्या आसपास असावेत, हा माझा अंदाज. तसं असेल तर ती सरळ ग्रेड २ ची निगेटिव्ह आहे.

मोजायचं असेल तर निळ्या उजेडात मोजा. बंद पडलेल्या कलर लॅबवाल्यांकडे कधीकधी कंट्रोल स्ट्रिप तपासायचा डेन्सिटोमीटर पडून असतो. त्यात लाल, हिरवा, निळा असे वेगळे चॅनल असतात, निळा वाचायचा. तो मिळाला नाही तर डिजिटल कॅमेरा आहेच. पांढऱ्या एलईडी पॅनेलवर निगेटिव्ह ठेवा, रॉमध्ये फोटो काढा, फक्त निळ्या चॅनलचे कच्चे आकडे काढा. जेपेग नको, त्यात कॅमेऱ्यानं आकडे आधीच वाकवलेले असतात. ब्लॅक लेव्हल, म्हणजे पूर्ण अंधारातही कॅमेरा दाखवतो तो आकडा, वजा करायला विसरू नका. मोकळ्या पॅनेलचा आकडा भागिले निगेटिव्हमधला आकडा, त्याचा लॉग, झाली डेन्सिटी. दहापट फरक म्हणजे १.०, दुप्पट फरक म्हणजे ०.३, म्हणजेच एक स्टॉप.

आणि एक विचारायचं राहिलं: फिक्स झाल्यावर फिल्म वापरून झालेल्या डेव्हलपरमध्ये पुन्हा बुडवलीत का?

संगमकाठ | सोमवार, रात्री ९.५०

बुडवली की. दोन मिनिटं. डाग पक्का होतो असं वाचलं होतं.

निळाडोळा | सोमवार, रात्री ९.५५

पूर्वी तसं सांगायचे. त्यानं डाग वाढतो, पण बहुतेक सगळीकडे सारखा वाढतो, कोऱ्या काठावरसुद्धा. प्रतिमेला त्याचा उपयोग नाही, उगाच एक्स्पोजर वाढतं. पुढच्या वेळी सोडून द्या.

कृष्णाकाठची_पोरगी (वाई) | मंगळवार, दुपारी १.३०

मी कॉलेजात प्रोजेक्टसाठी ऑनलाइन मागवलेला लक्स सेन्सर आणि निळा एलईडी लावून डेन्सिटोमीटर बनवतेय. चालेल ना?

निळाडोळा | मंगळवार, दुपारी २.१०

ताई, लक्सचा सेन्सर म्हणजे पुन्हा माणसाचा डोळाच. त्याला निळं फार कमी दिसतं. एलईडी निळाच असेल तर वाचन बरोबरच येईल, पण सिग्नल इतका बारीक असेल की दाट जागी आकडा नाचेल. साधा सिलिकॉन फोटोडायोड घे. मात्र टंगस्टन बल्ब आणि निळा जिलेटिन फिल्टर ही जोडी टाळ. तो फिल्टर इन्फ्रारेड सोडतो, सिलिकॉनला ते दिसतं, कागदाला दिसत नाही, आणि मीटर तुला फसवतो. एलईडीमध्ये ती भानगड नाही.

रांगडा_लेन्सवाला (तासगाव) | मंगळवार, रात्री ८.००

नाद खुळा धागा! मला फोटोतलं काय कळत नाही, पण सांगलीच्या माणसाला हळदीनं फसवलं हे वाचून लई हसलो. आख्ख्या जगाला हळद आपण विकतो आणि आपल्यालाच ती मोजता येईना व्हय! 😄

संगमकाठ | बुधवार, रात्री ११.३०

भावा, हस हस. हरिपूरच्या पेवांत काय साठवायचे ते आठवून मीही हसलोच.

निळाडोळा, कॅमेरा केला. पहिल्यांदा धोतर १.४८ आलं. मग लक्षात आलं की निगेटिव्हभोवती आख्खं पॅनेल उघडं पेटलंय आणि तो उजेड लेन्समध्ये शिरून दाट जागा फिकट करतोय. लग्नपत्रिकेच्या काळ्या पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून बाकी सगळं झाकलं. आता मोकळं पॅनेल ११२००, धोतर २४५, होडीची सावली ३१५५. लॉग काढला तर धोतर १.६६, सावली ०.५५. अंतर १.११. तुमचा अंदाज तंतोतंत! कोऱ्या काठावर निळ्यात ०.३४ आलं, त्या दोन मिनिटांची करणी.

उत्साहाच्या भरात सोल्यूशन बी चा एक थेंब एप्रनवर सांडला. जेवणातली हळद लागलेली होती तिथे. डोळ्यांदेखत पिवळा डाग लालभडक झाला, कुंकवासारखा. अल्कलीत हळद लाल होते हे शाळेत शिकलेलो, पण बेसावध असलो की दचकायला होतंच.

जुना_ब्रोमाइड | गुरुवार, सकाळी ६.००

थेंब सांडतात म्हणजे हातमोजे घालतोस ना? बी मध्ये मेटाबोरेट आहे, त्याचं मी एक वेळ चालवून घेईन. पण सोल्यूशन ए म्हणजे पायरोगॅलॉल, ते कातडीतून अंगात जातं, विषारी आहे. पावडर वजन करताना तर पंखा बंद, तोंडाला मास्क. आमच्या जमान्यात कोणी पाळायचं नाही, म्हणून तू पाळायचं नाहीस असं नाही.

आणि हे लॉगबिग ठीक आहे, पण तुझ्या कॅमेऱ्याचा निळा आणि तुझ्या कागदाचा निळा एकच आहे याची खात्री काय? कागदालाच विचार की.

निळाडोळा | गुरुवार, रात्री ९.१५

काकांचा मुद्दा पक्का आहे. कॅमेऱ्याच्या निळ्या चॅनलमध्ये थोडा हिरवाही मिसळलेला असतो, म्हणून आकडा थोडा इकडेतिकडे होतोच. माझ्याकडे २१ पायऱ्यांची स्टाउफरची स्टेप वेज आहे, म्हणजे पायरीपायरीनं गडद होत जाणारी फिल्मची पट्टी. पहिली पायरी ०.०५, पुढे प्रत्येकी ०.१५ नं चढत एकविसावी ३.०५. ती चांदीची, राखाडी, तिच्यात रंग नाही, म्हणून निळ्यात मोजा की हिरव्यात, आकडा तोच राहतो. निगेटिव्ह आणि वेज एकाच कागदावर शेजारी शेजारी ठेवा, वर काच, कॉन्टॅक्ट प्रिंट. धोतराचा करडेपणा वेजच्या ज्या पायरीशी जुळेल, ती पायरी म्हणजे तुमच्या कागदाच्या दृष्टीनं धोतराची डेन्सिटी. ना मीटर, ना लॉग.

एक गोम आहे. ग्रेड ३ च्या कागदात १.११ चं अंतर एकदम मावणार नाही. म्हणून दोन कागदाचे तुकडे घ्या: एकावर कमी एक्स्पोजर, त्यात सावली मधल्या करड्यात येईल आणि ती जुळवा. दुसऱ्यावर चौपट एक्स्पोजर, त्यात धोतर जुळवा. वेज दोन्ही वेळा शेजारीच असल्यामुळे एक्स्पोजर किती दिलं याला महत्त्व उरत नाही.

वेज घेऊन जा शनिवारी. कडेला धरायची, बोटं उमटवायची नाहीत.

संगमकाठ | रविवार, संध्याकाळी ७.२५

केलं. कागदाचे तुकडे केले, काका, बघा, शिकलो.

पहिला तुकडा ६ सेकंद. होडीची सावली वेजच्या चौथ्या पायरीपेक्षा किंचित फिकट, पाचवीच्या मानानं बरीच गडद. चौथी ०.५०, पाचवी ०.६५, तेव्हा ०.५५ धरायला हरकत नाही. दुसरा तुकडा २४ सेकंद. धोतर अकरावी आणि बाराव्या पायरीच्या मधे, बारावीकडे झुकलेलं. अकरावी १.५५, बारावी १.७०. म्हणजे १.६५. अंतर १.१०. कॅमेरा म्हणत होता १.११. शंभरातला एक.

जुळवायला एक युक्ती सापडली. दोन करडे शेजारी नसले की डोळा गोंधळतो, म्हणून पुठ्ठ्याला पंचिंग मशीननं दोन भोकं पाडली आणि त्यातून एकावेळी एक पायरी आणि धोतर एवढंच बघितलं. प्रिंट पूर्ण वाळल्यावर मात्र. ओलं असताना टोन फिका दिसतो.

मिरज_सतार | रविवार, रात्री ८.१०

म्हणजे आमचं यंत्र ०.७७ सांगत होतं आणि कागद १.१०. एक स्टॉपचा फरक. बरं झालं एक्स-रे फिल्मला हळद लावत नाहीत.

संगमकाठ | रविवार, रात्री ८.३०

पुढचा प्रश्न. ग्रेड २ माझ्याकडे नाही, मल्टिग्रेड आहे, फिल्टर बदलला की ग्रेड बदलतो तो कागद. मल्टिग्रेडवर टाकलं तर फिल्टर कुठला?

निळाडोळा | रविवार, रात्री १०.००

इथे गंमत सुरू होते. मल्टिग्रेड निळ्यालाही बघतो आणि हिरव्यालाही. निळा उजेड त्याच्यातून कडक प्रतिमा काढतो, हिरवा मऊ. फिल्टर ५ किरमिजी, तो हिरवा अडवतो. फिल्टर ०० पिवळा, तो निळा अडवतो. म्हणजे तुमच्या निगेटिव्हमध्येच जागोजागी पिवळा फिल्टर बसलेला आहे, धोतरावर जाड आणि होडीवर पातळ. धोतराच्या जागी कागदापर्यंत हिरव्याचा वाटा जास्त पोचतो, तिथला कॉन्ट्रास्ट आपोआप उतरतो. ढग, पांढरी भिंत, धोतर अशा जागा तुटत नाहीत, पण कधीकधी फारच गुळगुळीत होतात.

तेव्हा एकच डेन्सिटी विचारू नका. त्याच वेजनं दोनदा करा, एकदा फिल्टर ५ लावून, एकदा ०० लावून. दोन वेगळे आकडे येतील, दोन्ही खरे.

संगमकाठ | मंगळवार, रात्री ११.१०

फिल्टर ५ नं ग्रेडेडसारखाच, १.१० च्या आतबाहेर. फिल्टर ०० नं मात्र धोतर नवव्या पायरीच्या (१.२५) अगदी लागून, सावली तिसरी-चौथीच्या मधे. अंतर जेमतेम ०.८३. तीच निगेटिव्ह!

शेवटी अडीचचा फिल्टर लावून मोठा प्रिंट काढला. धोतराच्या चुण्या आल्या, होडीचा दोर वेगळा दिसतो. पण आजोबांच्या खांद्यावरचं उपरणं आणि धोतर एकमेकांत मिसळल्यासारखं वाटतं. निगेटिव्हमध्ये दोन्ही वेगळी आहेत.

जुना_ब्रोमाइड | बुधवार, सकाळी ६.०५

ते मिसळलेलंच दिसणार, निळाडोळा म्हणाला तेच कारण. साडेतीनवर जा आणि होडीला झाकून धर, म्हणजे डॉजिंग कर, हातानं. किंवा स्प्लिट ग्रेड: आधी ०० नं धोतराला टोन दे, मग ५ नं थोडं. उपरण्याची किनार त्या दुसऱ्या एक्स्पोजरमध्ये येईल.

परवा मीही एक उद्योग केला. पायरोतली एक टाकाऊ फ्रेम फार्मर्स रिड्यूसरमध्ये टाकली. पाच-सहा मिनिटांत चांदी सगळी विरघळून गेली आणि ट्रेच्या पांढऱ्या तळावर फक्त पिवळी प्रतिमा राहिली. झाड, माणूस, पायऱ्या, सगळं हळदीच्या पाण्यात काढल्यासारखं. ती एन्लार्जरमध्ये घालून छापली तर चक्क फोटो आला, मऊ, पण आला. पन्नास वर्षं या धंद्यात काढली, हे कधी करून बघितलं नव्हतं.

अजिंक्यतारा_सायनो (सातारा) | बुधवार, दुपारी १२.४५

काका, ती फ्रेम मला दाखवा ना, येते मी राजवाड्याकडे.

माझी शंका: मी गच्चीवर सायनोटाइप काढते, म्हणजे उन्हात उमटणारे निळे प्रिंट, पायरोकॅट-एचडी या डाग पाडणाऱ्याच दुसऱ्या डेव्हलपरमधल्या ४×५ च्या निगेटिव्हवरून. निळ्या चॅनलचे आकडे मला चालतील का?

निळाडोळा | बुधवार, रात्री ९.४०

नाही पुरायचे. सायनोटाइपला मुख्यतः अतिनील लागतं, आणि तिथे डाग निळ्यापेक्षाही जास्त अडवतो, पायरोकॅटचा तपकिरी डाग तर विशेष. कॅमेरा तिथे आंधळा. तुला सरळ वेजच. सायनोटाइपच्या कागदावर निगेटिव्हशेजारी ठेव आणि उन्हात टाक. ढग आला गेला तरी दोघींवर सारखाच येतो.

अजिंक्यतारा_सायनो | रविवार, दुपारी ४.००

करून बघितलं. वेज निळाडोळ्यांकडून काकांनी आणली, काकांकडून मी. बारा मिनिटं ऊन, मग धुणं. निळ्या चॅनलमध्ये जी जागा १.३ येत होती ती कागदावर अकराव्या-बाराव्या पायरीच्या मधे बसली, म्हणजे १.६ च्या पुढे. आता कळलं माझे ढग नेहमी कोरे का राहायचे. डेव्हलपिंगचा वेळ कमी करते.

संगमकाठ | रविवार, रात्री ९.१५

काकांच्या सांगण्यावरून स्प्लिट ग्रेड केला. ०० नं ११ सेकंद, ५ नं ७ सेकंद, होडीवर शेवटचे ३ सेकंद हात धरला. उपरण्याची किनार आली. लाल-काळी असावी, आपल्याला काय, दोन करड्या रेघा. बारा कागद झाले एकूण. प्रिंट वाळतोय.

उद्या हरिपूरला जाऊन आजोबांना द्यायचाय. ते रोज सकाळी त्याच पायरीवर बसतात म्हणे.

निळाडोळा | रविवार, रात्री ९.३०

आधी वेज कुठे आहे ते सांगा.

अजिंक्यतारा_सायनो | रविवार, रात्री ९.३२

माझ्याकडे. बटर पेपरात गुंडाळून, पुस्तकात. शपथ, बोट लावलेलं नाही.